चवदार तळं नेमकं कोणाचं? महाडचा दहा वर्षं चाललेला वाद

महाडचं चवदार तळं म्हटलं की २० मार्च १९२७ आठवतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक या तळ्याचं पाणी प्यायले. पण हे तळं सार्वजनिक आहे की नाही, याचा निकाल लागायला जवळपास दहा वर्षं गेली. ती गोष्ट कमी सांगितली जाते.

तळं चार-पाच एकरांचं. भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची आणि काही मुसलमानांची घरं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. पाण्यापर्यंत जायची सोय प्रत्यक्षात नव्हतीच.

सत्याग्रहानंतर सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी (तारीख पुन्हा तीच) नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही सवर्ण कोर्टात गेले आणि त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण कोणी तळ्याचं पाणी घेतलं नाही.

खटल्यात कळीचा मुद्दा रूढीचा होता. तळं नगरपालिकेचं असलं तरी अस्पृश्यांना दूर ठेवायची प्रथा अनादी काळापासून आहे, असा वादींचा दावा होता. खालच्या कोर्टात ते हरले, अपिलातही हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळलं. प्रथा अनादी असल्याचं सिद्धच झालं नाही, असं त्यांनी म्हटलं. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.

महाड ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्यात होतं, म्हणून हे सगळं घडू शकलं. आज त्याच रायगड जिल्ह्यात असलेलं दिघी तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होतं. मुंबई कायदेमंडळाचा ठराव तिथे लागू नव्हता.