बाई कामावर का येत नाही?

आपल्या गटांच्या बैठकीत हजेरी घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ही बाई सारखी गैरहजर असते." मग दंड लागतो आणि विषय संपतो. आज आम्ही त्याच वाक्याचा इतिहास सांगणार आहोत. तो घडला मुंबईत. आपल्या कितीतरी गावांतली माणसं पोटासाठी तिथे गेली, आजही अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला आपलं कोणी ना कोणी असतंच.

सुरुवात गिरण्यांपासून करू. सुमारे १४० वर्षांपूर्वी गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. माणूस आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचा पगार कापला जाई. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवली. तिथल्या मागण्यांवर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. काय मागितलं होतं त्यांनी? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि कामावर जखम झाली तर बरं होईपर्यंत आधार. म्हणजे पगाराइतकंच शरीराचंही मागणं होतं. १८९० मध्ये दहा हजार कामगारांची मोठी सभा झाली आणि तिथे दोन कामगार बायाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने बायांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं आणि मध्ये दीड तासाचा विसावा दिला.

पण अकरा तास म्हणजेही केवढा दिवस! तान्हं बाळ घरी असलेल्या आईने काय करावं? गिरणीतल्या बाया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या. कामाच्या वेळात बाळ झोपून राहावं म्हणून अनेक आया त्याला 'बाळागोळी' देत. त्या गोळीत अफू असे. १९२० नंतरच्या काळात सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी चाळींतून फिरून या बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा ही गोष्ट कागदावर आली. यात दोष आईचा म्हणायचा का? पाळणाघर नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही, आणि घरी बसलं तर चूल बंद. अफू आईच्या हातून जात होती, पण ती द्यायला लावत होते कामाचे तास.

यातूनच बाळंतपणाच्या पगारी रजेची मागणी पुढे आली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. आपल्या देशातला हा या विषयावरचा पहिला कायदा.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती. पुढे हे प्रमाण घसरत गेलं. नवी यंत्रं आली, बायांची खाती आटली, रात्रपाळीत बायांना बंदी होती, आणि बाईला ठेवलं तर जादा खर्च, असा हिशेबही काही मालकांनी केला. नियम कागदावर आला, तरी बाई कामावर टिकेल याची वेगळी राखण करावी लागते, हे त्यातून दिसलं.

स्वातंत्र्यानंतर कारखाने उपनगरांत पसरले. मुलुंड, भांडुप, अंधेरी, कांदिवली इथे औषधांचे, यंत्रांचे कारखाने निघाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांसाठी वेगळे संडास, बसायची सोय, पाळणाघर या गोष्टी लिहून दिल्या. कामगार विम्याची इस्पितळं मुलुंड, अंधेरी, कांदिवलीला उभी राहिली. १९७३ मध्ये अंधेरीला 'सीप्झ' वसलं, तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि पुढे दागिन्यांच्या कामात हजारो मुली लागल्या. बारीक नजरेचं, मान खाली घालून करायचं काम.

आता ऐका त्या 'गैरहजर' शब्दाची खरी गोष्ट. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता की मुलीने लग्न केलं की नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, पॅकिंगचं काम टोळीने चालतं आणि लग्न झालेल्या बाया जास्त गैरहजर राहतात. बॉम्बे लेबर युनियनने हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९६५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. न्यायालय म्हणालं की फरक असलाच तर फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी चार जास्तीच्या बाया राखीव ठेवल्या की काम अडत नाही. किती साधा उपाय! बाईला काढायचं नाही, कामाची मांडणी बदलायची.

कामाची जागा तर दाराबाहेरच सुरू होते. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायांची लोकल सुरू झाली. गर्दीत चेंगरून, दमून पोचलेली बाई दिवसभर काय काम करणार? प्रवास सुखाचा केला तर ती कामावर टिकते, एवढं त्यातून कळतं.

मैत्रिणींनो, आपलेही गट आता पापड, मसाला, शिवणकाम करतात. तिथे मालक कोणी नाही, आपणच आहोत. म्हणून हे प्रश्न आपणच स्वतःला विचारायचे. मिरची कांडताना नाकातोंडाला फडकं आहे का? पापड लाटणाऱ्या बाईला तासातासाने पाय मोकळे करता येतात का? शिलाई मशीनवर उजेड पुरतो का? जवळ संडास आणि पाणी आहे का, की बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत? बाळंतीण बाईचा हप्ता आणि तिचं काम याचं काय ठरलं आहे?

आमची एक सूचना आहे. हजेरीच्या वहीत आणखी एक रकाना आखा आणि त्यावर लिहा 'कारण'. तीन महिने भरा. कंबरदुखी, खोकला, लहान मूल, पाळी, गाडी चुकली, जे असेल ते. मग बैठकीत मोठ्याने वाचा. एकच कारण पाच जणींच्या नावासमोर दिसलं, तर तो दोष त्या पाच जणींचा नाही, कामाच्या मांडणीचा आहे. ती बदलणं आपल्या हातात आहे.

लोखंड्यांच्या सभेत दोन बाया उभ्या राहून बोलल्या, म्हणून आज रविवार आहे. तुमच्या बैठकीत पहिली कोण बोलणार, ते ठरवा.