नार्विक : एका बंदराचा जमाखर्च

बंदराचा इतिहास सांगायचा म्हणजे तेथे कोणाची जहाजे लागली आणि कोणी कोणावर तोफा डागल्या, हे सांगायचे, अशी आपली बखरींपासूनची रीत आहे. धक्का कोणी बांधला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले, तेव्हा कोणत्याही बंदरात पाऊल टाकले की हाच प्रश्न आमच्यापुढे आधी उभा राहतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील नार्विक या गावी गेलो तेव्हाही तसेच झाले.

हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत येथे सूर्य मावळत नाही. ऐन हिवाळ्यात तो क्षितिजावर येतच नाही. समुद्र डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरला आहे. पाण्यापलीकडील डोंगराच्या एका रांगेला गावकरी ‘निजलेली राणी’ म्हणतात, आणि पाहणाऱ्यास ते पटते. परंतु या निसर्गातील खरी नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेलाही हे बंदर गोठत नाही. पूर्वेकडे स्वीडनचे बोथनियाचे आखात मात्र हिवाळ्यात गोठते.

नार्विकचे भाग्य आणि दुर्भाग्य या एकाच गोष्टीतून निघाले. स्वीडनमधील किरुना येथे लोहखनिजाचे डोंगर. ते बारमाही हलवायचे तर न गोठणारे बंदर हवे. एका इंग्रज कंपनीने १८८० नंतरच्या दशकात रेल्वेचे काम हाती घेतले, पण १८८९ साली तिचे दिवाळे वाजले. पुढे स्वीडन व नॉर्वे या दोन्ही सरकारांनी ते पुरे केले. १९०२ साली खनिजाच्या गाड्या धावू लागल्या, त्याच वर्षी नार्विकला शहराचा दर्जा मिळाला, आणि १९०३ च्या जुलैत राजा दुसरा ऑस्कर याने मार्गाचे रीतसर उद्घाटन केले. नॉर्वेच्या हद्दीतील मार्ग जेमतेम त्रेचाळीस किलोमीटर. पण तेवढ्यात तो समुद्रकाठावरून पाचशे मीटरहून अधिक चढतो. हा चढ फोडला तो ‘रल्लार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या मजुरांनी. हातात पहार, सुरुंगाची दारू आणि वर बर्फ.

त्यांच्या पायवाटेने आज प्रवासी हौसेने चालतात. सरहद्दीपलीकडे टोर्नेहाम्न येथे त्यांची दफनभूमी आहे. तेथील एका क्रॉसवर ‘अ‍ॅना, नॉर्वे’ एवढेच नाव आणि १९०० हे साल. ही मजुरांची स्वयंपाकीण ‘काळी अस्वल’ होय, अशी दंतकथा आहे. मार्चमधील उत्सवात नार्विकचे लोक रल्लारांचा वेष घालून मिरवतात आणि दरवर्षी एका बाईला त्या अस्वलाचा मान देतात. दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जे शहर आपल्या उत्सवात राजाला न मिरवता स्वयंपाकिणीला मिरवते, त्याचे मन निरोगी आहे असे आम्ही समजतो.

हे मन आपोआप घडले नाही. नॉर्वेच्या रस्ते व रेल्वेकामगारांनी १८९५ सालीच आपली देशव्यापी संघटना उभी केली होती. नार्विकमध्ये १९०३ साली ‘फ्रेमोवर’, म्हणजे ‘पुढे’, या नावाचे कामगारांचे पत्र निघाले. ते आजही निघते. त्याच वर्षी मजूर पक्षाचे पहिले प्रतिनिधी नॉर्वेच्या लोकसभेत गेले, आणि ते सारे उत्तरेकडून निवडून आलेले होते.

मग लढाई आली. तीही खनिजासाठीच. ९ एप्रिल १९४० रोजी दहा जर्मन विनाशिका येथे चालून आल्या. नॉर्वेची ‘एड्सव्होल्ड’ आणि ‘नोर्गे’ ही दोन जुनी जहाजे बुडाली, २८२ खलाशी मेले. त्याच आठवड्यात ब्रिटिश आरमाराशी झालेल्या दोन झुंजींत त्या दहाही विनाशिका नष्ट झाल्या. २८ मे रोजी नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश व ब्रिटिश फौजांनी शहर परत घेतले. पण फ्रान्स कोसळत असल्याने दोस्त सैन्य जूनच्या आरंभी निघून गेले आणि शहर पुन्हा जर्मनांच्या हाती पडले. जवळच्या बेइसफ्योर्ड येथील छावणीत १९४२ च्या जुलैत सुमारे तीनशे युगोस्लाव्ह कैदी ठार मारले गेले. त्यांना आणले होते तेही वेठीच्या कामासाठीच. रोंबाक खाडीत एका जर्मन विनाशिकेचा सांगाडा अजून पाण्याबाहेर डोकावतो. त्याच खाडीच्या टोकाला रल्लारांची वस्ती होती. पाहुणे छायाचित्र मात्र सांगाड्याचे घेतात.

हे पाहताना आम्हांस आपला बोरघाट आठवला. १८५९ साली तेथे मजुरी थकल्यावरून कामगारांचा दंगा झाला. त्याच वर्षी नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला. १८६३ साली घाट गाड्यांना खुला झाला. ठेकेदाराचे नाव आपणांस ठाऊक आहे, त्याच्या पत्नीचेही. पण सुरुंगाने आणि पटकीने तेथे हजारो मजूर मेले, त्यांतील एकाचे तरी नाव आपण सांगू शकू काय? पुणे-मुंबई गाडीतून धबधबे पाहण्यासाठी खिडकीशी बसणाऱ्या आपल्या मुलांना निदान एवढे सांगावे की, हा बोगदा डोंगराने आपण होऊन दिलेला नाही.