अजिंठा : पर्यटन आणि आदरातिथ्यविषयक संशोधन

अजिंठा लेणी पाहायला येणारा पर्यटक, त्याची ने-आण, राहणे-खाणे आणि त्याच्या येण्याने लेण्यांवर व आसपासच्या गावांवर होणारे परिणाम यांचा शास्त्रीय अभ्यास. रसायनशास्त्र, भूगोल, वाणिज्य, पर्यटन प्रशासन आणि हॉटेल व्यवस्थापन अशा वेगवेगळ्या वाटांनी अभ्यासक या विषयाकडे आले. त्यांतले सर्वांत भक्कम काम रसायनतज्ज्ञांनी केले आहे, हे आधीच सांगायला हवे.

लेणी सोयगाव तालुक्यात, वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात कोरलेली आहेत; ज्या गावावरून त्यांना नाव मिळाले ते अजिंठा सिल्लोड तालुक्यात येते. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) अंतर सुमारे १०० किमी., जळगावहून सुमारे ६० किमी. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी येथे पोचला आणि त्याने १० व्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपले नाव व तारीख कोरली. आधुनिक काळातल्या या पहिल्या पाहुण्यापासूनच पाहुण्यामुळे होणाऱ्या नुकसानीची नोंद सुरू होते. जतनाच्या हेतूनेही इजा झाली. हैदराबाद संस्थानाने १९२०–२२ मध्ये लॉरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि तो उतरवण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे गेली. १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यावर लेण्यांची कीर्ती वाढली आणि गर्दीही.

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे धागे मिसळलेले असून त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग डिंक-सरसासारख्या द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही रचना आहे. असा गिलावा हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो. या फुगण्या-आकसण्यात तो दगडापासून सुटतो आणि त्यातल्या तुसा-गवतावर कीड जगते. बंदिस्त लेण्यात शिरलेला प्रत्येक माणूस श्वासातून बाष्प व कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कपड्यांवरची धूळ सोबत आणतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतील मॅनेजर सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील बी. आर. अरबाड यांनी गिलाव्याची घडण आणि पर्यटकांमुळे चित्रांना पोचणारी झळ यांवर लेखन केले. राजदेव सिंग व वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे आहेत आणि त्यांनी तेथे किडीला अटकाव केला असावा, अजिंठ्यात हे धागे आढळले नाहीत. शोध वनस्पतींचा असला तरी व्यवस्थापनाला त्यातून थेट सूचना मिळते : वेरूळला चालणारा गर्दीचा नियम अजिंठ्याला लावता येणार नाही.

कोणत्याही स्थळाने किती माणसे सोसावीत, या प्रश्नाला पर्यटनशास्त्रात धारणक्षमतेचा प्रश्न म्हणतात. प्रथम जागेच्या मापाने कमाल संख्या काढायची, मग हवामान, झीज, उजेड यांसारख्या मर्यादांनी ती कमी करायची आणि शेवटी हाताशी असलेली माणसे व साधने पाहून आणखी खाली आणायची, ही पद्धत मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये मांडली. चित्रे अधिक असलेल्या १, २, १६ व १७ या लेण्यांत एका वेळी ४० जणांनाच सोडायचे, असा नियम आहे. एका गटाला १५ मिनिटे धरली, तर तासाला १६० आणि आठ तासांत १,२८० माणसे होतात. प्रत्यक्षात गर्दी अशी समान वाटून येत नाही. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालेल्या गाड्या साधारण एकाच सुमारास पोचतात, आणि पायऱ्या चढून आल्यावर पहिलेच दार लेणे १ चे, म्हणजे सर्वांत जपायच्या चित्रांचे. दिवसाच्या बेरजेपेक्षा त्या वेळची दाटी भिंतीला अधिक जाचते. म्हणून अभ्यासाचे एकक दिवस नव्हे, तास असावा. वार्षिक पर्यटकसंख्येचे तक्ते येथे फारसे कामाचे नाहीत.

जगात याची दोन उत्तरे निघाली. फ्रान्सने प्रागैतिहासिक चित्रांची लास्को गुहा १९६३ मध्ये बंद केली आणि १९८३ मध्ये तिची प्रतिकृती खुली केली. चीनमधील मोगाव लेण्यांत डुनहुआंग अकादमी व गेटी संस्थेने धारणक्षमता मोजली. तेथे आगाऊ नोंदणी, रोजची मर्यादा आणि आधी केंद्रात चित्रपट, मग लेणी, असा क्रम २०१४ पासून आहे. अजिंठ्यातही प्रतिकृती आणि केंद्र यांचा विचार झाला होता. जपानच्या कर्जातून (पहिला टप्पा १९९२, दुसरा २००३) रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण, विमानतळाची इमारत अशी कामे झाली आणि १, २, १६, १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र २०१३ मध्ये उघडले. वीज व पाण्याची बिले थकल्याने ते काही वर्षांतच बंद पडले. इमारत उभारायला पैसा मिळाला, पण ती चालवण्याची तजवीज झाली नाही. हॉटेल व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात हे उदाहरण शिकवण्याजोगे आहे.

त्याच प्रकल्पातून आलेला वाहनबंदीचा नियम मात्र टिकला. खासगी गाड्या लेण्यांजवळच्या फर्दापूर गावाच्या टी पॉइंटवर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. लेण्यांच्या पायथ्याची दुकानेही टी पॉइंटवर हलली. दख्खनच्या बेसाल्टमधले स्फटिक व झिओलाइट विकणारे, फर्दापूरचे हॉटेलवाले, वृद्धांना डोलीतून वर नेणारे यांच्या मिळकतीत या बदलाने काय फरक पडला, हा प्रश्न स्थानिक संशोधनात मध्यभागी असायला हवा.

असे संशोधन करू शकणाऱ्या संस्था जवळच आहेत. मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. डॉ. रफिक झकेरिया यांनी उभारलेल्या, छत्रपती संभाजीनगरमधील हॉटेल व्यवस्थापन संस्थेचे इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी आणि ताज समूहाशी नाते राहिले आहे. जिल्ह्यातील पर्यटनावर भूगोल आणि वाणिज्य शाखांतही प्रबंध झाले असून ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर ते वाचता येतात. त्यांतली रूढ पद्धत प्रश्नावलीची. सेवेबद्दलची अपेक्षा व अनुभव यांतला फरक मोजणारी, परशुरामन, झाइतामल व बेरी यांची १९८८ ची मोजपट्टी अशा कामात वापरली जाते. हॉटेलच्या खोलीसाठी ती उत्तम आहे. लेण्यात मात्र पर्यटकाचे समाधान आणि चित्राचे हित एका दिशेने जात नाहीत : मंद उजेड, थांबवलेली रांग आणि फ्लॅशबंदी यांवर पर्यटक नाराज होतो, तेव्हा चित्र सुरक्षित असते. केवळ समाधान मोजणारा प्रबंध येथे चुकीची शिफारस करू शकतो.

अजिंठ्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पावसाळ्यातल्या रविवारी लेणे १ च्या दाराशी उभे राहून तासवार माणसे मोजावीत, त्या आकड्यांशेजारी आतल्या आर्द्रतेच्या नोंदी ठेवाव्यात आणि निष्कर्ष फर्दापूरच्या दुकानदाराला वाचता येईल अशा मराठीत छापावेत. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे गर्दी नसलेल्या दिवसाच्या नोंदीही तुलनेला मिळतील.