‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक तक्रार आली होती. डेटाबेसमधल्या काही नोंदी गायब होत्या. लॉगमध्ये डिस्कची एक एरर दिसली. ‘डिस्क खराब, बदलली’ असं लिहून मी तक्रार बंद केली. पुढे पोस्टग्रेस्क्यूएलच्या एका बगचा इतिहास वाचला आणि ती तक्रार पुन्हा आठवली.

तो बग समजायला दुकानदाराच्या वह्या आठवा. व्यवहार झाला की नोंद आधी रोजकीर्दीत होते, खतावणीत ती नंतर सावकाश चढते. पोस्टग्रेसही असंच करतो. त्याच्या रोजकीर्दीला ‘वॉल’ म्हणतात. ठरावीक वेळाने ‘चेकपॉइंट’ होतो, म्हणजे खतावणी डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करायची आणि मग रोजकीर्दीची जुनी पानं मोकळी करायची.

ही खात्री ऑपरेटिंग सिस्टिम देते, कारण लिहिलेलं सगळं आधी तिच्या मेमरीत थांबतं. पोस्टग्रेस तिला ‘एफसिंक’ करायला सांगतो: डिस्कवर उतरव, मग मला कळव. एफसिंक फसलं तर पोस्टग्रेस थोड्या वेळाने परत करायचा. दुसऱ्यांदा ‘झालं’ असं उत्तर आलं की काम पुढे चालू.

मार्च २०१८मध्ये क्रेग रिंगर या पोस्टग्रेस डेव्हलपरने लिहून कळवलं, की हे धोक्याचं आहे. एका वापरकर्त्याच्या स्टोरेजमध्ये एरर आली होती आणि त्यानंतर डेटा बिघडला होता. डिस्कवर खापर फोडून त्यालाही मोकळं होता आलं असतं. पण एरर तर पोस्टग्रेसला कळली होती, मग तो थांबला का नाही, हा प्रश्न त्याने सोडला नाही.

उत्तर लिनक्सच्या कर्नलमध्ये होतं. लिहिणं फसलं की कर्नल एकदा एरर सांगायचा आणि मेमरीतल्या त्या पानांवर ‘आता लिहायचं बाकी नाही’ अशी खूण करायचा. मग दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरायचंच नाही, म्हणून उत्तर यायचं ‘झालं’. त्या भरवशावर पोस्टग्रेस रोजकीर्दीची पानं मोकळी करायचा. खतावणीत नोंद चढलेली नाही आणि रोजकीर्दीतलीही गेली!

कर्नलवाल्यांचीही बाजू होती. कोणी पेन ड्राइव्ह मध्येच उपटला, तर कधीच लिहिली न जाणारी पानं मेमरीत किती काळ अडवून ठेवायची? फ्रीबीएसडी ही दुसरी सिस्टिम मात्र अशी पानं ‘बाकी’ म्हणूनच ठेवते. म्हणजे एकाच नावाच्या कॉलचा दोन घरांत वेगळा अर्थ. पोस्टग्रेस सुमारे वीस वर्षं त्यातला एकच धरून चालला होता. कोडच्या कुठल्याही एका ओळीकडे बोट दाखवून ‘ही चुकली’ म्हणता येत नव्हतं. चूक दोन प्रोग्रॅममधल्या समजुतीत होती. म्हणूनच ती इतकी टिकली.

त्याच एप्रिलमध्ये कर्नलच्या डेव्हलपरांच्या परिषदेत यावर चर्चा झाली. फेब्रुवारी २०१९मध्ये पोस्टग्रेसच्या ११.२ आणि जुन्या आवृत्त्यांच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. ती ऐकायला उलटी वाटते: एफसिंक फसलं की पुन्हा प्रयत्न करायचा नाही, पोस्टग्रेसने तिथल्या तिथे क्रॅश व्हायचं. नव्याने सुरू होताना शेवटच्या यशस्वी चेकपॉइंटपासूनची रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा लिहायची. खोटं ‘झालं’ ऐकून चालत राहण्यापेक्षा कोसळणं जास्त सुरक्षित.

हे वाचलं त्या रात्री मी स्वतःचं कोड उघडलं. चार ठिकाणी ‘फसलं तर तीनदा प्रयत्न कर’ असं लिहिलेलं सापडलं. पहिल्या वेळी नेमकं काय फसलं आणि तो डेटा अजून हातात आहे का, हे एकाही ठिकाणी तपासलेलं नव्हतं. दोन ठिकाणचं बदललं. बाकीच्या दोन ठिकाणांसाठी स्वतःच्याच नावावर बग नोंदवला.

ती जुनी तक्रार मात्र आता उघडता येत नाही. लॉग केव्हाच पुसले गेलेत.