सवय मोडते, पण पुसली जात नाही

दात घासणे, गाडीचे गिअर बदलणे यांसारखी कामे फारसा विचार न करता हातून घडतात. अशा सवयी जडण्यात मेंदूच्या खोल भागातील 'स्ट्रायटम'चा मोठा वाटा असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला.

इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या मार्गावर धावून चॉकलेट मिळविण्यास उंदीर सरावले, तेव्हा स्ट्रायटममधील चेतापेशी मुख्यतः धावेच्या आरंभी आणि अखेरीस सक्रिय होऊ लागल्या. चॉकलेट बंद केल्यावर हा क्रम लोपला. ते पुन्हा मिळू लागताच परतला. हे संशोधन २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२०१२ मधील प्रयोगात मळमळ आणणारे रसायन वापरून उंदरांच्या मनात चॉकलेटच्या दुधाविषयी तिटकारा निर्माण करण्यात आला. तरीही सवयीने ते तिकडेच धावत. मात्र, मेंदूच्या पुढील भागातील 'इन्फ्रालिम्बिक कॉर्टेक्स'च्या चेतापेशी प्रकाशाच्या साह्याने क्षणभर निष्क्रिय करताच त्यांनी ती वाट सोडली. कालांतराने नवी सवय जडली. तोच भाग पुन्हा निष्क्रिय केला, तेव्हा जुनी सवय लगेच परतली.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तथापि, व्यसन सुटलेली व्यक्ती अनेक वर्षांनी पुन्हा त्याच वाटेला लागते, तेव्हा केवळ तिच्या मनोनिग्रहाला दोष देणे किती अपुरे आहे, हे त्यांतून उमगते.