काठी मिळते, उंबरठा तसाच



पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात. "विषय तर ठरलाय, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?" आज त्याचं उत्तर माझ्याच कामातून देते. आणि हो, यात माझं पहिलं गृहीतक कसं आपटलं तेही सांगणार आहे, कारण त्यातूनच खरा प्रश्न हाती लागला.

माझा विषय आहे वृद्धांसाठी सहायक साधनं आणि घरातले बदल यावर होणाऱ्या सरकारी खर्चाचा इतिहास. ऐकायला कोरडा वाटतो ना? मलाही वाटला होता. पण सुरुवात घरातूनच झाली. आजोबांना वॉकर आणला. दोन दिवसांत ते ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत मोकळे फिरू लागले. अडलं ते न्हाणीपाशी. दार अरुंद, आणि पुढे चार बोटं उंच उंबरठा. वॉकर दाराबाहेर उभा राहायचा आणि आजोबा भिंत धरून ओल्या फरशीवर जायचे. म्हणजे पडायची भीती जिथे सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच साधन बाहेर.

मग मी योजना वाचायला बसले. काठी आहे, वॉकर आहे, चष्मा आहे, कवळीसुद्धा आहे. दार रुंद करणं, उंबरठा काढणं, धरायला दांडा बसवणं, यासाठी या योजनांत रकानाच नाही. का नाही? हा माझा प्रश्न.

साधन मुळात कोणासाठी आलं?

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून पहिली सवय लावून घ्या: कुठलीही सरकारी मदत पाहिली की ती सुरुवातीला कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बनली ते शोधा.

पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते उभं राहिलं. १९७२ साली कृत्रिम अवयव बनवणारं सरकारी महामंडळ, म्हणजे कानपूरचं 'अलिम्को', नोंदलं गेलं आणि १९७६ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. त्याच वर्षी केंद्राची 'एडिप' योजना आली, अपंग व्यक्तींना साधनं घेण्यासाठी मदत देणारी. तिच्या उद्दिष्टांत शारीरिक, सामाजिक आणि मानसिक पुनर्वसनाबरोबरच माणसाची आर्थिक क्षमता वाढवणं हेही लिहिलेलं आहे.

तर बघा, आधी सैनिक आणि मग कमावता होऊ शकणारा माणूस. साधन देण्यामागचा विचार असा की माणूस पुन्हा कामाला लागेल. आता ७८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या बाई यात कुठे बसतात? 'एडिप'मध्ये वयाची आडकाठी नव्हती, पण ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागायचा. म्हातारपणाची गंमत अशी की डोळे थोडे जातात, कान थोडे जातात, गुडघे थोडे जातात. एकेकट्याने कुठलंच ४० टक्के भरत नाही, पण सगळं मिळून माणूस घरात बसतो.

जाता जाता जयपूर फूटचंही उदाहरण लक्षात ठेवा. १९६८ च्या सुमाराला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरमध्ये घडवलेल्या या पायाने अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. म्हणजे आपल्याकडे साधन घराच्या मापाने घडवलं गेलं. ही मोठीच गोष्ट होती. पण तरुण शेतकऱ्याला कृत्रिम पाय लावून उकिडवं बसता येतं म्हणून म्हाताऱ्या गुडघ्यालाही बसता येईल असं नाही. तिथे साधन बदलून भागत नाही, घरच बदलावं लागतं.

वृद्ध यादीत कधी आले?

उशिरा. १९९९ च्या जानेवारीत वृद्धांविषयीचं पहिलं राष्ट्रीय धोरण आलं. साधनांसाठी स्वतंत्र योजनेची घोषणा मात्र २०१५ च्या फेब्रुवारीत अरुण जेटलींच्या अर्थसंकल्पी भाषणात झाली, दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी. तीच १ एप्रिल २०१७ ला 'राष्ट्रीय वयोश्री योजना' म्हणून आंध्र प्रदेशातल्या नेल्लोरमधून सुरू झाली. पहिल्या यादीत चालायची काठी, कोपराच्या कुबड्या, वॉकर, तीन-चार पायांची काठी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कवळी आणि चष्मा. अपंगत्वाच्या दाखल्याची अट नाही. शिबिरात तपासणी, शिबिरातच वाटप, पुरवठा अलिम्कोकडून.

आता पैसे कुठून आले ते बघा. ही नजर मला फार उशिरा आली, तुम्ही लवकर कमवा. त्याच भाषणात जेटलींनी सांगितलं होतं की सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत सुमारे ३,००० कोटी आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत सुमारे ६,००० कोटी रुपये कोणी दावा न केल्यामुळे पडून आहेत. अशा बेवारस ठेवींमधून ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी उभा राहिला आणि वयोश्रीचा खर्च त्यावर टाकला गेला. म्हणजे ही काठी आली ती कोणाच्या तरी विसरलेल्या बचतीतून. वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या गरजेला शिलकीचा पैसा लावला, ही नोंद धोरणाच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

आकडाही पाहा. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरचे लोक १० कोटी ३८ लाख. योजनेचं पहिल्या तीन वर्षांचं लक्ष्य ५ लाख २० हजार. योजना सगळ्यांसाठी नव्हती हे खरं, तरी साधारण दोनशे वृद्धांमागे एक हे प्रमाण डोक्यात ठेवा.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आणली आणि वाट बदलली. शिबिराऐवजी थेट बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये. वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. वस्तू तुम्हीच घ्या आणि बिल सादर करा. निवड लाभार्थ्याच्या हातात आली, हा बदल खरा. पण पैसे कशावर खर्च करायचे याची यादी आहेच, आणि त्या यादीत गवंडी नाही.

माझं गृहीतक आणि शौचालय

इथपर्यंत आल्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने गृहीतक मांडलं: भारतात सरकार घराच्या आत येत नाही, कारण म्हाताऱ्यांचं घर ही मुलांची जबाबदारी मानली गेली. पुरावा म्हणून २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा होताच. तो मुलांना जबाबदार धरतो. प्रकरण छान जुळलं होतं.

मार्गदर्शकांनी मसुदा वाचला आणि एकच विचारलं, "मग शौचालयाचं काय?"

झालं! स्वच्छ भारत अभियानात २०१४ पासून ग्रामीण कुटुंबाला शौचालय बांधायला १२,००० रुपये मिळत होते. त्याआधी ऐंशीच्या दशकापासून इंदिरा आवास योजनेत घरं बांधली जात होती, पुढे कच्चं घर पक्कं करायलाही पैसे मिळाले. १९९९ च्या धोरणात तर गरिबांच्या घरकुल योजनांमधली १० टक्के घरं वृद्धांसाठी राखावीत असंही लिहिलंय. म्हणजे सरकार घरात येतं, चांगलं संडासापर्यंत येतं. माझं गृहीतक तिथेच संपलं.

दोन आठवडे मी त्या वहीला हात लावला नाही. मग सगळी कागदपत्रं पुन्हा मांडली आणि या वेळी प्रत्येकावर फक्त एक गोष्ट पाहिली: फाइल कुठल्या खात्याची? घर आणि शौचालय यांच्या फाइली ग्रामविकास, गृहनिर्माण, पेयजल आणि स्वच्छता या खात्यांकडे. काठी आणि चष्मा सामाजिक न्यायाकडे. एका खात्याला भिंत, छप्पर आणि खड्डा दिसतो, पण आत कोण राहतं ते दिसत नाही. दुसऱ्याला माणसाचं शरीर दिसतं, पण ते शरीर कुठल्या घरात परत जाणार ते दिसत नाही. म्हणूनच एकाच गावात सरकारी अनुदानाचा उकिडवं बसायचा संडास आणि सरकारी काठी शेजारी शेजारी उभी असू शकते, आणि दोन्ही असून म्हातारीची अडचण तशीच राहू शकते.

दोन फाइली कुठे एकत्र आल्या?

असं झालं की तुलना मदतीला येते. पण "तिकडे किती छान" असं म्हणायला नाही, तर जोड कुठे पडला ते पाहायला.

ब्रिटनमध्ये १९७० साली खासदार आल्फ मॉरिस यांनी मांडलेल्या विधेयकातून दीर्घकाळ आजारी आणि अपंग व्यक्तींविषयीचा कायदा झाला. त्याने स्थानिक प्रशासनावर अशा लोकांच्या गरजा पाहण्याची जबाबदारी टाकली, आणि त्या गरजांत घरातले बदलही होते. १९९० पासून 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' हे स्वतंत्र अनुदान सुरू झालं. इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा २००८ पासून ३०,००० पौंड आहे. उतार, जिन्याची लिफ्ट, बसून अंघोळ करता येईल अशी न्हाणी, हे त्यातून होतं. भाडेकरूलाही अर्ज करता येतो. १९९६ च्या कायद्यात दोन कसोट्या आहेत. बदल या व्यक्तीसाठी गरजेचा आणि योग्य आहे का, आणि या इमारतीत तो वाजवी आणि शक्य आहे का. पहिलीसाठी सामाजिक सेवा विभागाचं मत घ्यायचं, दुसरी गृहनिर्माण विभागाने ठरवायची. म्हणजे शरीर आणि घर एकाच अर्जावर आले. जिथे ही दोन खाती जिल्हा आणि काउंटी अशा दोन वेगळ्या परिषदांकडे होती, तिथे ताटकळणंही आलं. एकत्र आणलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही.

जपानने वेगळा रस्ता घेतला. तिथे एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू आहे. घरातल्या बदलांसाठी माणशी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला विमा लागू होतो आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा लाभार्थी भरतो, उत्पन्न जास्त असेल तर थोडा अधिक. काय काय बसतं त्यात? हाताला आधाराचे दांडे, उंचसखलपणा काढणं, न घसरणारी फरशी, दार बदलणं, आणि उकिडवं बसायच्या संडासाच्या जागी कमोड. ही ओळ वाचून मी जागेवर उडालेच! व्हीलचेअर, पलंग अशा वस्तू तर बहुतेक भाड्याने मिळतात, गरज बदलली की वस्तू बदलता येते. आणि काम सुरू करण्याआधी या माणसाला हा बदल का हवा याचं लेखी कारण जोडावं लागतं. पुन्हा तेच: घर आणि माणूस एका कागदावर.

यादी नीट वाचा

आता परत आपल्याकडे या. वयोश्रीच्या २०१७ च्या यादीत कमोडची खुर्ची नव्हती. नंतर यादी वाढली, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा आले आणि त्यात कमोड असलेली खुर्चीही आली. महाराष्ट्राच्या २०२४ च्या यादीतही ती आहे. या खुर्चीवर जरा थांबा. ती नक्की काय आहे? संडास बदलता येत नाही म्हणून खोलीत आणलेला संडास. घरातला बदलच आहे तो, फक्त वस्तूचं सोंग घेऊन यादीत शिरलाय. घरासाठी रकाना नाही म्हटल्यावर गरज अशी मागच्या दाराने आत येते. मला वाटतं, माझ्या प्रबंधातला सगळ्यात चांगला पुरावा ही खुर्ची आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या आवडीची कुठलीही एक योजना घ्या. तिच्या मार्गदर्शक सूचनांच्या सगळ्या आवृत्त्या, शासन निर्णय, अर्थसंकल्पी भाषण, संसदेतली प्रश्नोत्तरं एकत्र मांडा. मग चारच गोष्टी विचारा: लाभार्थी कोण ठरवतं, यादीत काय आहे, यादी कधी आणि कुठल्या बाजूला वाढली, आणि फाइल कोणाच्या टेबलावर आहे? मोठा सिद्धांत नंतर शोधा, तो पळून जात नाही. आणि कोणी "मग शौचालयाचं काय?" असा प्रश्न विचारला तर रागावू नका. चहा पाजा त्याला.

आजोबांचं म्हणाल, तर काकांनी गवंडी बोलावून उंबरठा फोडला आणि आत भिंतीला दांडा बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. घर आमचं होतं, काका हाताशी होते, म्हणून झालं. ज्यांचं घर भाड्याचं आहे किंवा ज्यांच्या घरी असं धावणारं कोणी नाही, त्यांच्या न्हाणीबाहेर वॉकर अजून उभाच असेल. माझा प्रबंध त्यांच्याविषयी आहे.