‘मोजल्याशिवाय सही नाही’ : आपल्या व्यवसाय विभागाचा इतिहास

स्मरणिकेसाठी शाळेच्या प्रत्येक विभागाचा इतिहास लिहायचे समितीने ठरवले आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या व्यवसाय विभागाचे काम माझ्याकडे आले. विभाग सुरू झाल्यापासून निवृत्तीपर्यंत मी तिथे शिकवले. शाळेच्या जुन्या अहवालांत या विभागाला दरवर्षी एकच ओळ मिळाली आहे : तुकडी, पटसंख्या, निकाल. त्या ओळीतून तिथे काय शिकवले जाई ते कळत नाही, म्हणून एका धड्याच्या आधाराने ते सांगतो. तो धडा म्हणजे आलेला माल ताब्यात घेणे.

आधी विभागाचा जन्म. कोठारी आयोगाने (1964-66) उच्च माध्यमिक टप्प्यावर व्यवसाय शिक्षणाचा आग्रह धरला होता. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला आकडा दिला : 1990 पर्यंत या टप्प्यावरचे 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे यावेत. 1988 मध्ये केंद्राची योजना आली आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. तुम्हा सर्वांच्या तोंडी त्याचे नाव ‘एमसीव्हीसी’. वाणिज्य गटातल्या विषयांपैकी आपल्या शाळेने ‘पर्चेसिंग अँड स्टोअरकीपिंग’ घेतला. सांगलीसारख्या हळदीच्या, गुळाच्या आणि बेदाण्याच्या पेठेत गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला काम मिळेल, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

प्रवेश कोणाला मिळे, हेही इथे लिहिले पाहिजे. दहावीला गुण कमी पडलेले, शास्त्र शाखेत जागा न मिळालेले, घरी लवकर पगार हवा असलेले. आठवडी बाजारात वडिलांबरोबर उभे राहून आलेली मुले होती. सकाळी पेपर टाकून वर्गात येणारे होते. शिक्षक-खोलीतसुद्धा ‘उरलेल्यांची तुकडी’ असा शब्द कानावर येई. तुमच्यापैकी अनेकांना तो माहीत होता, आणि मला तो शेवटपर्यंत टोचत राहिला.

माल स्वीकारण्याचे काम मात्र उरलेल्यांचे कधीच नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठाराचा अधिकारी, म्हणजे सन्निधाता, रत्ने असोत वा इतर जिन्नस, त्या त्या वस्तूच्या जाणकारांना जवळ ठेवूनच ताब्यात घेतो. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्याबरोबर कारखानीस असे, आणि धान्य व सामग्रीचा जमाखर्च त्याच्याकडे. वेढा पडला की अंबरखान्यात खरोखर किती धान्य आहे यावर गड किती दिवस टिकणार ते ठरे. तिथे वहीतला आकडा आणि कोठीतले धान्य यांत फरक चालण्यासारखा नव्हता. वर्गात कोणाचे आडनाव कारखानीस निघाले की मी हे हमखास सांगत असे.

लांब कशाला, आपल्या हरिपूरची पेवे घ्या. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. पेवाचे तोंड एकदा बंद झाले की आत किती आणि कसला माल आहे हे सांगणारी साक्षीदार एकटी वही. उतरवून घेताना झालेली चूक पेव उघडेपर्यंत कोणाला दिसत नाही. दरवर्षी मुलांना मी तिकडे नेत असे, ते एवढ्यासाठीच. 2005 च्या महापुरात त्यांतल्या अनेक पेवांत पाणी शिरले. त्यानंतरच्या तुकड्यांना मला बरेचसे तोंडीच सांगावे लागले.

आता प्रत्यक्ष धडा. जूनमध्ये शाळेच्या ग्राहक भांडारात वह्यांचे गठ्ठे येत, ते अकरावीच्या मुलांनी उतरवून घ्यायचे. आधी हातात मागणीपत्राची प्रत. तिच्यावर वस्तूंची नावे असत, नगांची जागा मात्र कोरी. किती यायला हवेत हे आधी कळले, तर माणूस मोजत नाही, आकडा जुळवतो. टेम्पो उभा असतानाच बिल्टीवरचे डाग मोजायचे. खोके फुगले आहे का, ओले आहे का, पट्टी पुन्हा चिकटवलेली दिसते का, ते पाहायचे. शंका आली तर शेरा दोन्ही प्रतींवर लिहायचा, आपल्या आणि वाहतूकदाराच्याही. मग खोके फोडून चलनाशी ताडा. शेवटी माल मिळाल्याचे पत्रक तीन प्रतींत : एक हिशेबाला, एक खरेदीला, एक भांडारात. त्यानंतरच बिन कार्डावर जमा. तेव्हा चलनाबरोबर जकात नाक्यावरची पावतीही येई, तीही टाचायची.

काही गठ्ठ्यांत डझनाऐवजी अकरा वह्या मी स्वतः करून ठेवत असे. पहिल्या आठवड्यात ते फार थोड्यांच्या लक्षात येई. दिवाळीपर्यंत हातात घेताच गठ्ठा हलका लागतो असे म्हणणाऱ्या मुली तयार होत. वजनाच्या मालाला वेगळी शिस्त होती. आधी तराजूचा धडा करायचा, मग पोत्यासकट ढोबळ वजन, त्यातून बारदान वजा, उरले ते निव्वळ. आणि रचताना जुना माल पुढे, नवा मागे, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर जाईल.

हे सारे पुस्तकात होते. पुस्तकात नव्हते ते एकच : घाई करणाऱ्या मोठ्या माणसासमोर उभे राहणे. ड्रायव्हरला पुढच्या गावी जायचे असते, हमाल दमलेले असतात, मालक आतून ‘अरे, कर की सही’ म्हणतो, आणि पावतीपुस्तक सतरा वर्षांच्या पोराच्या हातात असते. बिल्टीवर आत अमुक माल असल्याचे ‘सांगितले आहे’ एवढेच छापलेले असते. आत काय आहे याची हमी वाहतूकदार घेत नाही. विनाशेरा सही झाली की तूट सही करणाऱ्याची. म्हणून वर्गात मी ड्रायव्हर होत असे, आरडाओरडा करत असे, आणि मुलांनी शांतपणे म्हणायचे : “काका, थांबा, मोजतो.” सुरुवातीला वर्ग हसे. पण जी मुलगी वर्षभर शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली, तिने एका दुपारी मला तीन वेळा थांबवले, तेव्हा कोणी हसले नाही.

पहिल्या काही तुकड्यांतला एक विद्यार्थी बारावीनंतर शिकाऊ उमेदवार म्हणून एका घाऊक दुकानात लागला. (1986 मध्ये शिकाऊ उमेदवारी कायद्यात दुरुस्ती झाल्यामुळे आपल्या मुलांना ही वाट मिळाली होती.) चलनावर चोवीस खोकी, उतरली तेवीस. मालक म्हणाले, एका खोक्यासाठी गाडी कशाला अडवतोस. त्याने दोन्ही प्रतींवर ‘एक खोके कमी’ असे लिहून ड्रायव्हरची सही घेतली, मगच आपली केली. पुढे भरपाई मिळाली ती त्या शेऱ्यामुळे. मालकांनी त्याला उमेदवारीनंतर कायम केले. तो यंदा मेळाव्याला येणार आहे, त्याच्याकडून ऐका. मी सांगतो त्यापेक्षा तो चांगला रंगवून सांगतो.

पुढे काळ बदलला. मापे-वजनांचे नियम, छापील किंमत, तयार होण्याची आणि संपण्याची तारीख, हे तपासणीत वाढत गेले. मग बारकोड आले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल. अभ्यासक्रमांचीही फेररचना झाली. 2013 च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानंतर किरकोळ विक्री हा विषय काही शाळांत नववीपासून शिकवला जाऊ लागला. आपल्या शाळेतली तुकडी माझ्या निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. खोलीत आता संगणक आहेत.

मोठ्या गोदामांत काम करणारे आपले माजी विद्यार्थी सांगतात की आता हातातले यंत्र ‘टूं’ करते आणि माल जमा होतो. मी त्यांना विचारतो, यंत्र काय वाचते? लेबल. खोक्यात अकरा आहेत की बारा, हे आजही कोणीतरी उघडून पाहावे लागते. ते पाहणाऱ्या माणसाचा पगार आणि मान दोन्ही कमी असतात, पण पुढचा सगळा हिशेब त्याच्या एका सहीवर उभा राहतो. ज्यांना आपण ‘उरलेले’ म्हणालो, त्यांच्याकडे ही सही होती. शाळेच्या इतिहासात ही नोंद असावी, एवढाच माझा आग्रह.

एक विनंती. भांडाराची जुनी बिन कार्डे, मालपत्रके, सरावाच्या वह्या कोणाच्या घरी असतील तर मेळाव्याला घेऊन या. शाळेच्या कपाटात ठेवू. आणताना यादी करा. मी मोजून घेईन, आणि मगच सही करीन.